‘अज’ म्हणजे कोण

प्रिय नाना,

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून बँकेतून हाफ डे घेऊन लिहायला बसलेय. गोष्ट आनंदाची आहे. आधी ऐका तरी.

लहानपणी तुम्ही मला देवाच्या नावांची वही लिहून दिली होती, एकेक नाव आणि खाली अर्थ. लग्नानंतर ती माझ्याबरोबर लखनौला आली. हल्ली वेदिका शाळेतून आली की तिला त्यातलं रोज एक नाव वाचून दाखवते. सात वर्षांची झाली ती. मराठी सगळं समजतं, उत्तरं मात्र हिंदीत. परवा ‘अज’ आलं. तुमच्या अक्षरात लिहिलंय, जो कधी जन्मला नाही आणि ज्याच्यापासून सगळं जन्मलं, तो. मी म्हटलं, सृष्टीच्या आधीही तो होताच. त्याला ना आई, ना बाप.

वेदिका दोन वर्षांची असताना चंद्रहासने आणि मी तिला अनाथाश्रमातून आणलं, हे तिला ठाऊक आहे. तो दिवस आम्ही दरवर्षी साजरा करतो. ‘अज’चं ऐकून म्हणाली, “मम्मा, वो किसी के पेट से नहीं आया, तो उसे लेने कौन गया था?”

नाना, मला हसू आणि रडू एकदमच आलं. तेव्हापासून ती दिसेल त्याला विचारत सुटलीय. चंद्रहास मानक नगरच्या ऑफिसातून आला, त्याला बूटसुद्धा काढू दिले नाहीत. अमीनाबादला जाताना रिक्षावाल्या भैयालाही विचारलं. तो बिचारा पायडल मारायचा थांबला आणि म्हणाला, घरी अम्मांना विचारून सांगतो. शेवटी काल तिने विचारलं, ही वही लिहिली कुणी? मी तुमचं नाव सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

पाच वर्षांपूर्वी तुम्ही मला विचारलं होतंत, “त्या मुलीचं मूळ काय, कुठलं?” मी रागाने फोन ठेवला, आणि नंतर माझा फोन तुम्ही कधी घेतला नाहीत. ज्याला मूळच नाही, त्याला तुम्ही जन्मभर हात जोडत आलात, नाना. आता राग नाही माझा. मंगळवारी सकाळी आम्ही दोघी नागपूरला पोहोचतोय, मलिहाबादचे दशहरी आंबे घेऊन. हे पत्र परवानगीसाठी नाही, कळवण्यासाठी आहे. बेल ती वाजवेल, आता तिचा हात पोचतो. दार तेवढं तुम्ही उघडा.

तुमचीच लेक,
सुहासिनी