काजळीचं मिटलेलं तोंड

प्रिय दादा,

तू गेल्यापासून तुला एक ओळ लिहिली नाही. रागावले होते. पण आज तुझं तळं मरायला टेकलंय, म्हणून त्याच्याच काठावर बसून लिहितेय.

सकाळीच वाफ्र्याच्या मळ्यातून राखणदार सलीमभाईंचा फोन आला. "दीदी, मोटर बंद हो गया, मछली सब ऊपर आ गया!" अबू हलीफाच्या माझ्या घरून या आखाती वाळवंटातून गाडी कशी हाणली, माझं मला माहीत. तळ्यात हवा सोडणारी मोटर बंद, आणि तुझे सगळे तिलापिया मासे तोंडं वर काढून हवा घेत होते. आयसीयूत माणसांना ऑक्सिजन लावणारी मी, नुसती उभी!

एवढ्याशा तळ्यात किती मासे भरलेस रे? "लहान तळ्यात मोजकेच सोडायचे, आणि फक्त नर. नाहीतर पिल्लंच पिल्लं होतात, कुणीच वाढत नाही." हे लोकांना कोण शिकवायचं? पण कुठे पांढुरका, कुठे ठिपक्यांचा मासा दिसला की तुझा नियम गुंडाळलाच!

आणि ती तुझी सोनेरी काजळी. नियमाप्रमाणे हाही नरच, म्हणायचास. ओठापासून कपाळावरून पाठीपर्यंत काळी रेघ. अमेरिकेतल्या क्रॅपी माशांत अशी रेघ पिढ्यान्‌पिढ्या उतरते, असं तू वाचलं होतंस. हिचीही उतरेल, म्हणालास. मी म्हटलं, "रेघ कसली, रोग आहे तो. काढून टाक." "तू माणसं बघ, मासे मी बघतो," म्हणून फोन आपटलास. तेच आपलं शेवटचं बोलणं.

आज टाकी एक, बॅटरीवरचा हवेचा पंप एक. सलीमभाई म्हणाले, "पचास से ज्यादा नहीं, दीदी. नहीं तो एक भी नहीं बचेगा." कुणाला काढायचं, कुणाला सोडायचं? मी जाळी घालत गेले. काजळी सापडली तेव्हा सगळ्यांची तोंडं उघडी, हिचं मात्र घट्ट मिटलेलं. आजारीच आहे, म्हटलं, आणि बाजूला फेकणारच होते. मग तुझा आवाज आठवला. टाकीत सोडली.

थोड्या वेळानं तिनं तोंड उघडलं, आणि आतून टाचणीच्या डोक्याएवढी पिल्लं बाहेर पडली. कितीतरी! तिलापियाची मादी पिल्लं तोंडात सांभाळते, हे तूच मला सांगितलं होतंस. सलीमभाई ओरडले, "अरे, ये तो माँ है!"

नाव काजळी, आणि म्हणे नर! फसलास, की माहीत असून सोडलीस? लबाडा!

श्वास कोंडला तरी तिनं तोंड उघडलं नाही. तूही असाच. आठवडाभर छातीत दुखत होतं, हे तुझ्या खोलीतल्या मित्रानं मला नंतर सांगितलं. सख्खी बहीण नर्स, तुझ्या महबूल्याच्या खोलीपासून दहा मिनिटांवर, आणि तिला एक शब्द नाही? भांडलो होतो म्हणून? दादा, मी पळत आले असते रे.

मोटर आत्ता सुरू झाली. तळ्यातले निम्मे गेले. काजळीही गेली, माझ्या हातात. पिल्लं पोहताहेत. रेघ अजून कुणावरच दिसत नाही. रंग यायला महिने लागतील, म्हणतात सलीमभाई.

तोवर दर शुक्रवारी मी इथे येईन. यांना वेगळ्या टाकीत वाढवीन, गर्दी होऊ देणार नाही. आणि एकाच्या जरी ओठावर काळी रेघ उमटली, तर सलीमभाईंसमोर मोठ्यानं म्हणेन, "दादा बरोबर होता."

हरायची वाट बघणारी,
तुझी नंदू