रघुकाका स्वतः चाखतात

३ मार्च, सकाळी ७
सर्दी. चौथा दिवस. चहा प्यायलो, नुसतं गरम पाणी लागलं. बायकोला, मालनला, विचारलं, पत्ती बदललीस का? म्हणाली, नाही. म्हणजे दुकानदाराने बदलली. दोन दिवसांत नाक मोकळं होईल. वाफ घेणे. घरात बोलायचं नाही.

५ मार्च
लालबागला आमच्या खानावळीत गेलो. बोर्डावर ‘रघुचं कालवण’, खाली ‘रोजचा टोप रघुकाका स्वतः चाखतात’. सव्वीस वर्षं चाखतोय. आमचा मुख्य आचारी हितेंद्रने वाटीत बांगड्याचं तिखलं दिलं. जीभ झोंबली, बाकी काही नाही. बांगडा की पुठ्ठा, कळेना. चेहरा मात्र अनुभवी ठेवला. म्हटलं, तिरफळ कमी पडलंय. हितेंद्र म्हणाला, काका, तिरफळ संपलंय, आज घातलंच नाही. म्हटलं, तेच सांगतोय.
निभावलं.

१९ मार्च
शीवला डॉक्टरांकडे. आपल्या भागातला नकोच, सगळे ओळखतात. डोळे मिटायला लावून बाटल्या हुंगायला दिल्या. तीनदा कॉफी म्हटलं. एकातही कॉफी नव्हती. म्हणाले, सर्दीने वासाची नस दुखावलीय, परत येईल किंवा नाही येणार. गॅस आणि शिळं अन्न सांभाळा. ‘परत येईल’ आधी म्हणाले, हे महत्त्वाचं. बाकीचं ते सगळ्यांनाच सांगत असणार.

२ एप्रिल
मेघनाने गिरगावची जागा पक्की केली. लालबाग, परळ, दादर आणि आता चौथी शाखा. मुलगी आनंदाने नाचत होती. म्हणाली, बाबा, मेन्यू मोठा करतोय, प्रत्येक पदार्थ तुम्ही ओके केल्यावरच. मी खुर्चीत बसलो. चार किचन, साठ माणसं, एक जीभ. आणि ती बंद.
प्लॅन: रंग बघायचा, तवंग बघायचा, हितेंद्रच्या भुवया बघायच्या. एवढा अनुभव डोळ्यांतही उतरलेला असतोच.

२० एप्रिल
सिस्टिम जबरदस्त चाललीय. रोज दोन पदार्थ नापास करतो, शिस्त राहते. आज सोलकढी नापास. मेघनाने विचारलं, काय चुकलं? म्हटलं, जीव नाही तिच्यात. तिने लिहून घेतलं.
छाती मात्र दिवसभर धडधडते. अॅसिडिटी असेल.

११ मे
मालन भायखळ्याला भाजी आणायला गेली होती. ओट्यावरची कोळंबी खाल्ली. संध्याकाळपर्यंत चार वेळा आत-बाहेर. मालनने भांडं नाकाशी नेलं, लांब धरलं आणि माझ्याकडे बघत राहिली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

८ जून, दुपारी ३
गिरगावचं उद्घाटन. बाहेर पाहुणे. मी एकटाच किचनमध्ये, टोप चाखायला. कालवण गार होतं, म्हटलं जरा गरम करावं. लायटर हातात घेतला. तेवढ्यात मागून हितेंद्र धावत आला, लायटर हिसकावला आणि कॉलरला धरून मला रस्त्यावर काढलं. सव्वीस वर्षांत त्याने कधी माझ्यासमोर आवाज चढवला नव्हता. आज म्हणाला, काका, मरायचं होतं का!
गॅसची नळी सुटली होती. वास बाहेर पाहुण्यांपर्यंत गेला होता. कोणीतरी विचारलं, तुम्ही आत थांबलात कसे? म्हटलं, मालकाने शेवटी बाहेर पडायचं असतं. दोघांनी टाळ्या वाजवल्या.
मेघनाने नाही वाजवल्या. रडत होती. बाबा, तुम्हाला वास नाही ना आला? एवढंच विचारत राहिली.

९ जून
सांगून टाकलं. मालन आणि मेघना समोर बसल्या होत्या. मालन म्हणाली, माका म्हायती आसा. एप्रिलपासून. हितेंद्रनेच येऊन सांगितलं होतं.
तेव्हापासून रोज सकाळी प्रत्येक किचनमधून एक वाटी आमच्या घरी येते, मी आंघोळीला गेलो की. मालन चाखते, फोन करून मीठ-मसाला सांगते. मग तेच माझ्यापुढे ठेवतात. मी नापास केलेलं? तसंच गिऱ्हाइकांना जायचं. मेघना म्हणाली, तुम्ही स्वतः सांगाल म्हणून थांबलो, बाबा. गॅसचं आमच्या डोक्यातच आलं नाही.
विचारलं, गिऱ्हाइकं तुटली किती? तिने मोबाइल पुढे केला. एप्रिलपासून रेटिंग वाढलंय. चार पॉइंट एकवरून चार पॉइंट सहा. एकाने लिहिलंय, रघुकाकांच्या जिभेला तोड नाही.
मग मी काय करू? मालन म्हणाली, दारात उभे राहा. लोकांना बरं वाटतं.

१५ जून
गिरगाव सुरू झालं. नळी नवी. मालन आत टोप चाखायला, मी इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा. एका बाईंनी विचारलं, काका, आज काय चांगलं झालंय?
म्हटलं, एक मिनिट. आत जाऊन मालनला विचारून आलो.