पोह्यातल्या मिरच्या आणि हाडातली पेशी

सौ. आक्का,

गोटीरामचा शिरसाष्टांग नमस्कार. (तुझा एक पाय प्लास्टरात आहे, तेव्हा सगळा नमस्कार दुसऱ्या पायावर घ्यावा.) हाड कसं आहे? तिकडे घोटीला गारठा असेल, पाय उघडा टाकू नकोस. दाजींनाही नमस्कार. इकडे नाशिकला सगळे खुशाल, मी सोडून. फोन करायला तोंड राहिलं नाही, म्हणून लिहितोय. तेजल तुला अजून काही बोलली नाही, हे तुझ्या लेकीचे उपकार.

तुझा पाय मोडला म्हणून तिला बघायचा कार्यक्रम माझ्याकडे ठेवलास आणि वर बजावलंस, गोट्या, तू फक्त पोहे खा. तेवढंही मला जमलं नाही. मुलगा, धनराज, ओझरच्या विमान कारखान्यातला, सरळ आणि हसरा. तो तेजलला आवडला, हे तिने चहा बशीत सांडला तेव्हाच मी ओळखलं (एरवी ती चहा सांडणाऱ्यातली नव्हे). त्याची आई विमलाबाई सोफ्याच्या मधोमध बसल्या. दोन थोरले, चांगले लग्न झालेले मुलगे दोन्ही बाजूंनी त्यांना खेटून, आणि धनराज पायाशी बुटक्या स्टुलावर. धनराज पोह्यातल्या मिरच्या निवडून बशीच्या कडेला ठेवायचा आणि विमलाबाई त्या उचलून स्वतः खायच्या.

पोरगी पुण्याला नेमकं काय शिकते, असं त्यांनी विचारलं. तेजल तोंड उघडणार तोच मी घसा खाकरला. सकाळीच तिने मला समजावलं होतं, माल ताजा होता, राहवलं नाही. (जन्म एसटीच्या कंडक्टरकीत गेला, आवाज शेवटच्या सीटपर्यंत पोचतो.) म्हटलं, हाडांच्या पोकळीत रक्त तयार होतं. तिथे मधोमध एक मोठी पेशी बसते आणि कच्च्या तांबड्या पेशी तिला चहूबाजूंनी चिकटतात. ती त्यांना धरून ठेवते, वाढवते, लोहसुद्धा पुरवते. कच्ची पेशी तयार होत आली की आपलं केंद्रक, म्हणजे तिचं डोकंच म्हणा, बाहेर टाकते आणि मोठी ते गिळून टाकते. इथवर सगळे मन लावून ऐकत होते. तिथेच थांबायचं, तर मला दाखला सुचला! विमलाबाईंकडे हात करून मी म्हणालो, अगदी या ताईंसारखी बघा.

तेव्हा त्यांच्या तोंडात मिरची होती. थोरल्या मुलाला हसू आवरेना, त्या हसण्याने आणखी घात केला.

"आमच्या पोरांला डोकी नाय, अन् ती मी खाल्ली, असं म्हनायचं हाय का तुम्हाला?"

मी घाईघाईने सारवासारव केली, की तसं नव्हे, डोकं टाकल्याशिवाय पेशी कामाचीच होत नाही. चहा तसाच टाकून मंडळी उठली.

तेजलने निमूटपणे कपबशा विसळल्या. "मामा, माहिती बरोबर होती," एवढंच म्हणाली आणि पुण्याची गाडी धरली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. आक्का, मला फार लाज वाटते गं. अभ्यास तिचा, मिरवलं मी आणि भोगायचं तिने. काल विमलाबाईंचा नकारही आला. तू काय बोलशील ते मी ऐकून घेईन.

तुझा,
गोट्या

ता. क. पत्र पाकिटात घालत होतो तोच धनराज आला. एकटाच. हिने पोहे केले. त्याने ते मिरच्यांसकट खाल्ले, डोळ्यांतून पाणी आलं तरी. मग खाली बघत विचारलं, "मामा, ती मोठी पेशी शेवटी सोडती का हो त्यांना?" मी म्हटलं, सोडते की! मग त्या रक्तात शिरतात आणि अंगभर हिंडतात. जाताना त्याने तेजलचा नंबर मागितला. देऊ का, ते तिला विचारून कळव.

आणखी एक. मी छातीठोक सांगितलं खरं, पण त्या दिवशी सकाळी तेजल समजावताना तिथवर पोचली तेव्हा मी शेंगदाणे आणायला उठलो होतो. खरंच सोडते का, तेवढंही तिला विचार. सोडत नसेल, तर धनराजला कुणी सांगू नका.