सोमलाचा फिल्टर

३ फेब्रुवारी, अणदूर
महानंदा पुण्याला मुलाकडं गेली ती तिथंच रमली. घरात बोलायला मी एकटाच. संध्याकाळी कल्याणप्पा येतो, बोअरचं तांब्याभर पाणी पितो, चहा घेतो, सोयाबीनचा भाव सांगून जातो. एका माणसानं घर भरत नाही. आज मोबाइलवर पाण्यातल्या आर्सेनिकचा व्हिडिओ पाहिला. ठरलं. फिल्टर करायचा. गावाला शुद्ध पाणी, मला माणसं. कॉलेजात केमिस्ट्री उगाच शिकवली का?

९ फेब्रुवारी
वाळूला गंजाचा थर दिला की आर्सेनिक त्याला चिकटून बसतं. खिळे भिजवून गंज धरवला, तो वाळूत मिसळला. ड्रम तयार. पाणी किंचित लाल येतंय. लोह अंगी लागतं.

१० फेब्रुवारी, सकाळ
आर्सेनिक लोकांना कळायचं नाही. शुद्ध मराठीत पाटी लावली: 'सोमलाचा फिल्टर. पाणी मोफत.' पेले घासून ठेवले. गर्दी आवरायला कल्याणप्पाला बोलवावं लागेल.

१० फेब्रुवारी, संध्याकाळ
कोणी नाही. थंडी आहे.

१३ फेब्रुवारी
शेजारची रुद्रम्मा नाकाला पदर लावून गेली. विचारलं, तर सोमल म्हंजे उंदराचं इख न्हवं का, असं तिनं मलाच विचारलं. लोकांना मराठी येत नाही. पाटी बदलणार नाही.

१७ फेब्रुवारी
कल्याणप्पा पाणी नको म्हणाला. चहाही नको, ॲसिडिटी आहे म्हणे. पिशवीत पाण्याची बाटली दिसली. लई वाईट वाटलं.

२१ फेब्रुवारी
धाराशिवहून लॅबचा रिपोर्ट. फिल्टरच्या पाण्यात आर्सेनिक नाही. यशस्वी! बोअरच्या पाण्यातही नाही. ड्रम बोअरला चिकटूनच आहे, परिणाम झाला असणार.

२३ फेब्रुवारी
जेवताना ठसका लागला. फिल्टरचं पाणी घशाखाली उतरेना. कल्याणप्पानं त्याची बाटली पुढं केली. काय गोड पाणी! कुठलं, विचारलं. खाली बघत म्हणाला, सर, तुमच्याच बोअरचं, मागच्या नळाचं. तुमी बाहेर गेलात की निम्मी गल्ली येती. रुद्रम्मा तर गप्पा मारत बसती तिथं. तुमी असलात की लाल पाणी पुढं करता, नको म्हणायला जड जातं.
फिल्टर काढायचा प्रश्नच नाही.
उद्या घरीच थांबून सगळ्यांना भेटावं म्हटलं. पण मी थांबलो तर कोणी येणार नाही.
चार वाजता फिरायला जाईन. डॉक्टरांनी चालायला सांगितलंच आहे.