नुसतं बसणाऱ्यांचा रकाना

सोमवार, ३ फेब्रुवारी

तेच आहेत! हिरवा मफलर, खिडकीकडची खुर्ची, हात मांडीवर. समोर पुस्तक नाही, पेपर नाही. मी मोजणीचा तक्ता हातात धरून वाचनकक्षाच्या दारातच थिजले.

गेल्या वर्षी दुसऱ्या वाचनालयात याच माणसापुढे मी चार आठवडे 'वापर नाही'ची फुली मारली. त्याच्या आदल्या वर्षी आणखी एका वाचनालयात. दोन्ही ठिकाणचे वाचनकक्ष बंद झाले – माझा अहवाल पुढ्यात ठेवून.

त्यांनी मला ओळखलं नाही. ओळखणार कसे, मी खाली मान घालून फिरते.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

'वापरा'ची व्याख्या मीच लिहिली होती. दर अर्ध्या तासाने फेरी मारायची. वाचतो, लिहितो, शोधतो, विचारतो – तो वापर. नुसता बसतो – वापर नाही. बसलेल्या शंभरांत साठ तरी वापर करणारे हवेत, नाहीतर कक्ष गुंडाळायचा. कागदावर किती स्वच्छ वाटलं होतं! सगळ्यांनी पाठ थोपटली माझी.

आज सात फेऱ्या. सातही वेळा ते. सात फुल्या.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

माझ्या मार्गदर्शक सरांना फोन केला. व्याख्येत 'बसणं' घालू या म्हटलं. "मधेच फूटपट्टी बदललीस तर मागची मोजमापं कचऱ्यात जातील. आणि मग बसस्टँडवरचा बाकही वाचनालयच म्हणायचा का?"

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

डोळे मिटले की मफलर. हा माणूस हात धुऊन मागे लागलाय, असं सकाळी मनात आलं. खरं तर मागे मी लागले आहे. तीन वर्षं!

मंगळवार, ११ फेब्रुवारी

राहवलं नाही. शेजारी जाऊन बसले. काका, रोज येता का?

"रोज. मुलगी नर्स आहे, रात्रपाळी करते. एकच खोली आमची. ती दिवसा झोपते. मी घरात असलो की खोकतो, मग ती उठते." छापील अक्षर आता त्यांना दिसत नाही. "पण पानं उलटल्याचा आवाज येतो ना. सोबत वाटते." मग हसले. "माझा पायगुणच वाईट बघा. मी बसतो ते वाचनालय बंद होतं. हे तिसरं."

मी उठले. भित्री कुठली!

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज सगळं सांगून टाकलं – तक्ता, व्याख्या, ती दोन वाचनालयं. पायगुण नाही काका, माझ्या फुल्या होत्या त्या. मन हलकं होईल असं वाटलं होतं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "म्हणजे मी आलो नसतो तर आकडा वाढला असता?"

कक्षात जेमतेम आठ माणसं असतात. एक कमी झालं की आकडा हलतोच. तसं नाही हो काका, म्हटलं मी. पण खोटं बोलताना माझा चेहरा मला साथ देत नाही.

"बरं," म्हणाले. मफलर नीट केला आणि वेळेआधीच निघाले.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आले नाहीत.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

अजून नाहीत. ग्रंथपालबाई म्हणतात, आजारी असतील. पत्ता कुठेच नाही – सभासदच नव्हते, नोंद कुठून असणार! आकडा मात्र वर चाललाय. शंभरांत अडुसष्ट. मला तो बघवत नाही.

सोमवार, ३ मार्च

मोजणी संपली. एकाहत्तर. अहवालाच्या शेवटी नुसतं बसणाऱ्यांबद्दल एक परिच्छेद घातला. सरांनी काढला. मी परत घातला. त्यांनी परत काढला.

शुक्रवार, १४ मार्च

निर्णय आला. कक्ष चालू राहणार. ग्रंथपालबाईंनी माझे दोन्ही हात धरले, डोळ्यांत पाणी त्यांच्या. चहा मागवला. मी कप तसाच ठेवून निघाले.

सोमवार, १७ मार्च

काका दिसतात का बघायला वाचनालयात गेले होते. दुपारी त्यांची मुलगी आली. झोपेतून तशीच उठून आलेली, हातात डबा. "बाबा आज डबा विसरून गेले. रोज इथेच असतात ना?"

हो म्हटलं, आणि डबा घेतला.