ठमीचा अर्ज

३ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

पाकीट जाड दिसतंय म्हणून घाबरू नकोस, आत एक अर्ज आहे. माझी तब्येत ठणठणीत. दुकानात गणवेशांचा ढीग पडलाय आणि मशीन तुझ्यासारखं झालंय, सकाळी कुरकुरल्याशिवाय चालत नाही.

परवा एक नर्स कोटाचं माप द्यायला आली होती. मी वाकले तशी माझी उजवीकडची कापसाची उशी सरकून थेट काखेत गेली. ऑपरेशनला चार वर्षं झाली, शंभरदा तरी सरकली असेल. अशा वेळी मी खोकते आणि पाठ फिरवते. ही बाई मात्र हसली नाही. तिने विचारलं की, काढलेला स्तन पुन्हा घडवून घेता येतो हे डॉक्टरांनी सांगितलं नाही का. अक्का, मला कुणीच सांगितलं नव्हतं! इतक्या वर्षांनीही करता येतं म्हणे, आणि ते करणारं हॉस्पिटल तुझ्या घरापासून दोन चौकांवर आहे.

अर्ज तेवढा नेऊन दे, आणि नंतर महिनाभर मला ठेवून घे. सांभाळायला घरचं माणूस असल्याशिवाय ते नाव लावत नाहीत, आणि मला तुझ्याशिवाय आहे कोण?

लोभ आहेच, तो अर्जासकट सांभाळ.
तुझी ठमी

११ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

अर्ज पोचला. शाळेत असतीस तर हे अक्षर पाहून पुन्हा लिहायला लावला असता. मुख्याध्यापिका निवृत्त झाली तरी डोळे निवृत्त होत नाहीत.

राहायला महिनाभर काय, दोन महिने ये. पण या कारणासाठी नको. छप्पन्न वर्षांची झालीस, आता या वयात हे कशाला? जिवावरचं टळलं, सुखाने शिवत बस. उशी सरकते तर तिला चांगले बंद लाव, एवढी शिंपीण आहेस ना? अर्ज कपाटात ठेवलाय. फुगून बसू नकोस.

ओरडते तरी माया तुझ्यावरच आहे, हे विसरू नकोस.
तुझी अक्का

१६ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

फुगले आहे.

बंद लावून झाले. कापूस झाला, चिंध्या झाल्या, एकदा वाळूही भरली. वजन अगदी बरोबर जमलं, पण शिवण उसवली आणि मी दुकानभर वाळू सांडत हिंडले. गिऱ्हाइकाला वाटलं, छत गळतंय.

हसलीस ना? आता ऐक. दुकानात मोठा आरसा आहे. गिऱ्हाईक त्याच्यासमोर उभं राहिलं की मी बरोबर त्याच्या मागे उभी राहते, म्हणजे मला मी दिसत नाही. चार वर्षं हेच चाललंय. मला कुणाला दाखवायचं नाही गं, मला नुसतं त्या आरशासमोर उभं राहायचंय. एखादीला हे नको असेल, तर तिने नको म्हणावं, त्यात काही वावगं नाही. पण मला कुणी विचारलंच नाही. डॉक्टरांनी नाही आणि तूही नाहीस.

राग आहे तोवर लोभही आहेच समज.
तुझी ठमी

२७ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन दिवस घरात नुसती भांडी आपटली. मग अर्ज काढला. तो एकदाचा देऊन हात झटकायचे, एवढंच मनात होतं. खिडकीतल्या कारकुनाने तुझं वय वाचलं, चष्मा वर केला आणि म्हणाला की, या वयात हे कशाला. आणि शेऱ्याच्या जागी 'गरज नाही' असं लिहायला पेन उचललं. माझं डोकं असं सणकलं! गरज आहे की नाही हे ठरवणारे तुम्ही कोण, असं मी इतक्या मोठ्याने विचारलं की बाकांवरचे पेशंट उठून उभे राहिले. शाळेची सवय, दुसरं काय.

बाहेर येऊन बसले, तेव्हा लक्षात आलं की कारकुनाचं ते वाक्य माझंच होतं. शब्द न् शब्द माझा. ठमे, खरं सांगते, मला भीती वाटली होती. एकदा तू त्या टेबलावरून परत आलीस, पुन्हा कशाला चढायचं? ते कबूल करायला जड गेलं म्हणून तुझ्या वयावर ढकललं. चुकलंच माझं.

मग विणकाम घेऊन तीन दिवस त्याच बाकावर ठाण मांडलं. एक बाही विणून झाली, कुणाच्या मापाची ते देव जाणे. चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी स्वतः आत बोलावलं. त्या म्हणाल्या की आपण तब्येत बघतो, वय नाही. चौदा मार्चला तुला तपासायला बोलावलंय. खोली झाडून ठेवते.

पूर्वीचा लोभ पुन्हा सुरू कर.
तुझी अक्का

९ मे

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचून आठवडा झाला. तुझ्या हातचं महिनाभर आयतं खाऊन इतकी सुटलेय की स्वतःचेच कपडे उसवायला घेतलेत. डॉक्टरीणबाईंनी पोटाकडचं जास्तीचं कापड, म्हणजे माझंच मांस, काढून वर लावलं ते झकास बसलंय. जोड दिसतो. त्या जागी हात लावलेला अजून कळत नाही, आणि दुसऱ्या बाजूसारखं तंतोतंतही नाही. पण आल्या दिवशीच दुकान उघडलं आणि आरशासमोर उभी राहिले. चांगली पाच मिनिटं. रडले थोडी, मग केस विंचरले.

आता मुद्द्याचं. कपडे घालून बघायच्या खोलीत मी एक कागद चिकटवलाय : काढलेला स्तन ऑपरेशनने पुन्हा घडवता येतो, माहिती मला विचारा. आठवडाभरात तिघींनी विचारलं. त्यातल्या एकीचे ब्लाउज मी सहा वर्षं शिवतेय. अक्का, तीही खोकून पाठ फिरवायची, आणि मला वाटायचं तिला कायमची सर्दी आहे.

तिला जवळचं कुणी नाही, म्हणून ते तिचं नाव लावणार नाहीत. मी सांगून टाकलं की माझी अक्का आहे. तुला विचारलं नाही, कारण तू आधी नाही म्हणतेस. सोमवारी सकाळी ती अर्ज घेऊन तुझ्या दारात उभी राहील. ती एकसष्ट वर्षांची आहे, तेव्हा कारकुनाशी पुन्हा गाठ आहे.

तुझ्या मायेत आता आम्ही दोघी आहोत, तेवढी वाढवून ठेव.
तुझी ठमी