मागच्या पानावरचे शेरे

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

भवानी पेठ, सोलापूर
सोमवार, १८ नोव्हेंबर १९७४

चि. सौ. बसू हिला अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. इकडं सगळं ठीक. रेवणप्पा, तुझे सासरे आणि पोरं खुशाल असतील. माझ्या दिवाळीच्या चकल्या अजून डब्यात आहेत आणि सादळल्यात. हवेला दोष देत नाही, माझा हातच तसा. खालच्या मजल्यावरचे माग सकाळपासून खडखडताहेत, त्यामुळं अक्षर हललं तर समजून घे.

तू कादंबरी लिहिलीस! छापून आली, पुण्याच्या प्रकाशकानं काढली, आणि सख्ख्या बहिणीला आज कळतंय! वर नाव काय घेतलंस, तर वि. रा. नीलकंठ. मिशीवाला माणूस वाटतो. सासऱ्यांना कळू नये म्हणून पुरुषाचं नाव घेतलंस ते समजलं. पण मला का नाही सांगितलंस? रेवणप्पाला सांगितलंस आणि मला नाही. असो. आनंद झाला हेही खरं आहे. ‘बारवेतला यक्ष’ हे नावही छान आहे. आमच्या वाचनालयात ते पुस्तक आहे. कॉलेजच्या मुलींना असलं लई आवडतं. शाप, गंधर्व, मागच्या जन्मीचं प्रेम, असलं काही असलं की पुस्तक फळीवर टिकत नाही.

आता तू पाठवलेल्या कात्रणाचं. आमच्या साप्ताहिकातलं ‘नवी पुस्तकं’ हे सदर मी बघते अधूनमधून. ‘सासू तीनदा बेशुद्ध पडते आणि तिन्ही वेळा नागमणी चोरीला जातो. लेखकाने लेखणी खाली ठेवून एखादे दुकान टाकावे.’ लिहिणाऱ्यानं खाली नाव दिलंय ‘एक वाचक’. तू म्हणतेस, तुझ्या पुस्तकात सासूही नाही आणि नागमणीही नाही. सासऱ्यांनी हे दुकानात गिऱ्हाइकांपुढं मोठ्यानं वाचलं, आणि तू आत डाळ पाखडत ऐकत होतीस. ‘दुकान टाकणं काय सोपं हाय व्हय रं!’ असं म्हणून ते हसले, ते वाचून मलाही क्षणभर हसू आलं. मग आलं नाही.

प्रकाशकानं कळवलंय की असं परीक्षण आल्यावर दुसरी कादंबरी छापायला धीर होत नाही. त्या साप्ताहिकात दोन ओळींची दुरुस्ती आली तर महिनाअखेरपर्यंत थांबतो. आणि तू मला लिहितेस, ‘अक्का, तू पुस्तकांतच बसतेस, त्या माणसाला शोध, एवढंच कर.’

शोधते. असेल कुणी रिटायर मास्तर. अशा माणसांचं मनावर घ्यायचं नसतं. तोवर दुसऱ्या कादंबरीची वही नीट ठेव. घाईनं काही करू नकोस.

पोरांना पापा.

तुझी,
अक्का

*

सोलापूर
मंगळवार, २६ नोव्हेंबर १९७४

चि. सौ. बसू हिला अनेक आशीर्वाद.

तुझी दोन कार्डं आली. दुसऱ्यावर तर फक्त ‘भेटला का?’ एवढंच. कार्डाची बाकीची जागा कोरी सोडलीस, ती बघवेना.

भेटला. नाव विचारू नकोस, मी शब्द दिलाय. माणूस वाईट नाही. त्याच्याकडून चूक कशी झाली ते सांगते.

आमच्या वाचनालयात पुस्तक आलं की चार घरं फिरून खिळखिळं होतं. मग कुंडलिकराव, म्हणजे आमचे मालक, ते दस्तगीरमामांकडं बांधायला टाकतात. मामा जाड पुठ्ठा घालतात. पुस्तकाच्या शेवटी एक कोरं पान असतं, त्यावर मुली पेन्सिलीनं शेरे लिहितात. ‘रडू आलं.’ ‘शेवट भंगार.’ ‘पान ८० नंतर वाचू नये.’ कुंडलिकरावांनी पाटी लावली, ‘पुस्तकावर लिहू नये’. मुलींनी पाटीवरही शेरा लिहिला. शेवटी त्यांनी मामांना सांगून टाकलं, ते पान असू द्या, गिऱ्हाइकं ते बघूनच पुस्तक नेतात.

तर हा परीक्षण लिहिणारा काय करतो, आठवड्याला तीन कादंबऱ्या कोण वाचणार? पहिली दहा-वीस पानं चाळायची, मग मागच्या पानावरचे शेरे बघायचे, आणि लिहायचं. शेरे सहसा खरे असतात. तुझ्या पुस्तकाच्या मागं लिहिलं होतं, ‘सासू किती वेळा पडते!’ ‘मणी चोरण्यापलीकडं काही सुचत नाही का?’ त्यावरून त्यानं आपला मसाला घातला. पण तुझ्या पुस्तकाबरोबर एक दुसरी, नागिणीची कादंबरीही बांधायला गेली होती. मामांच्या हातून पानांची अदलाबदल झाली. तिचं मागचं पान तुझ्या पुस्तकाला शिवलं गेलं. मी मामांना विचारायला गेले तर त्यांनी दोन्ही पुस्तकं डोळ्यांपाशी धरली आणि म्हणाले, “आंखां दगा देरे बाई, अब हातां पे चलतूं.” त्यांना काय बोलणार?

त्या माणसाला फार लागलंय. रोज गल्लीच्या टोकापर्यंत जातो आणि परत येतो. त्याचं त्या सदरावाचून दुसरं काही नाही गं. दिवसभर लोकांना पुस्तकं काढून द्यायची, आणि आठवड्यातून एकदा आपलं काहीतरी छापून आलेलं बघायचं, एवढंच. दुरुस्ती दिली तर न वाचता लिहितो हे उघड होईल, आणि सदर जाईल. कदाचित कामही. संपादकांना त्यानं विचारून बघितलं. ते नाही म्हणाले.

मी अजून प्रयत्न करते. महिना संपायला चार दिवस आहेत. जेवण करत जा वेळेवर.

तुझी,
अक्का

*

सोलापूर
गुरुवार, ५ डिसेंबर १९७४

बसू,

आशीर्वाद लिहायला हात होत नाही, म्हणून लिहीत नाही.

तुझं पत्र सकाळी आलं. कुंडलिकरावांच्या टेबलाशी उभ्यानंच वाचलं, मग बाहेर जाऊन वाचलं, मग परत आत. महिना संपला, प्रकाशकाचा नकार आला, आणि सोमवारी तू आपल्या हातानं वही दुकानातल्या रद्दीवर ठेवलीस. सासऱ्यांना काय ठाऊक, त्यांनी पानं फाडून पुड्या बांधायला सुरुवात केली. शेंगदाण्याला पान, हरभऱ्याच्या डाळीला पान, गुळाला दोन. तू समोर बसून बघत राहिलीस. ‘मला रडू नाही आलं, अक्का,’ असं लिहिलंयस.

आणि मग मथुराबाई आल्या. हातात पुडीचा कागद, सरळ केलेला. “बसम्मा, त्या पोरीचं फुडं काय झालं गं? आमच्या पुडीत अर्ध्यावरच सुटलंय की.” दुसऱ्या दिवशी बजाबाई, घरात डाळ असताना डाळ न्यायला. “डाळ र्‍हाऊ दे, त्याच्या मागचं पान कुटं गेलं ते सांग.” दोघींनी म्हणे पायरीवर बसून आपापले कागद एकमेकींना वाचून दाखवले, आणि सासरे वैतागून म्हणाले, “हितं दुकान हाय का शाळा?” तू हे सगळं मजेनं लिहिलंस. मला एका शब्दानं दोष दिला नाहीस. उलट शेवटी लिहिलंस, ‘तू माझ्यासाठी फार धावाधाव केलीस.’

बसू, मी धावाधाव केली नाही. मी कुणाला भेटले नाही. भेटायला कुणी नव्हतंच. ‘एक वाचक’ मी आहे.

तीन वर्षं ते सदर मी लिहिते. संपादकांनाही मी काही विचारलं नव्हतं, तेही खोटं. अठरा तारखेला तुझं कात्रण हातात पडलं तेव्हाच मला कळलं होतं. त्याच दिवशी दोन ओळी लिहून दिल्या असत्या तर तुझी वही आज पुण्यात असती. मी आज देते, उद्या देते करत राहिले. लोक काय म्हणतील, कुंडलिकराव काय म्हणतील, आणि सगळ्यांत जास्त तू काय म्हणशील. त्यापायी तुझं वर्षभराचं लिहिणं तुमच्या मैंदर्गीत घरोघरी डाळीबरोबर गेलं. दस्तगीरमामांची चूक पानाची होती. न वाचण्याची चूक माझी, आणि गप्प बसण्याचीही माझीच.

मी वाचत का नाही, हे तू विचारशील. लहानपणी मी दिवा फुंकेपर्यंत वाचायची, तुला आठवत असेल. सासर सोडून इथं आल्यापासून जमत नाही. विसाव्या पानावर कुणीतरी कुणाची वाट बघायला लागतं आणि मी उठते. केर काढते, खिडकीत जाते, काढलेला केर पुन्हा काढते. कुणी कुणावर जीव टाकतं हे बसून वाचायचं म्हणजे अंगावर येतं. म्हणून दुसऱ्यांचे शेरे वाचायचे आणि हुशारी दाखवायची. लोक हसायचे. मला बरं वाटायचं.

तुझं पुस्तक शनिवारी घेऊन बसले. नऊ वेळा उठले, मोजलं. पण संपवलं. परीक्षण लिहिणारीच मी, तेव्हा खरं सांगते. मधली तीसेक पानं लांबलीत. यक्ष रागावला की आपल्या शाळेतल्या हेडमास्तरांसारखा बोलतो. आणि ती बाई पहिल्यांदा बारवेत उतरते तिथं तू घाई केलीस, आणखी चार पायऱ्या उतरू द्यायची होतीस.

पण बसू, तो यक्ष तिला सोनं देत नाही, हवेतून नेत नाही. ती रोज पाण्याला येते आणि तो एवढंच विचारतो, “जेवलीस का आज?” ते वाचलं आणि मी पुस्तक मिटलं. दहा वर्षांपूर्वी परसात भांडी घासताना मी तुला सांगितलं होतं, त्या घरात चार वर्षांत मला एकदाही कुणी जेवलीस का म्हणून विचारलं नाही. तू तेव्हा अठराची. नुसती राख पुढं सरकवलीस. मला वाटलं, विसरलीस. तू त्याचं पुस्तक केलंस. माझ्यासाठी एक माणूस बनवलास, माणूस सापडेना तर यक्ष. म्हणून मला सांगितलं नाहीस, हे आता समजलं. आणि मी तुलाच लेखणी खाली ठेवायला सांगितलं.

त्या नागिणीच्या कादंबरीला जे पान चुकून शिवलं गेलं, ते तुझं. त्यावर चार शेरे आहेत. ‘दोनदा वाचली.’ ‘आईनेपण वाचली.’ ‘असं विचारणारा पाहिजे.’ चौथा नुसता ‘होय’ असा आहे, वेगळ्या अक्षरात, तिसऱ्याच्या खाली.

तुझं पत्र यायच्या आधीच, काल संपादकांकडं गेले. दुरुस्ती दोन ओळींची नाही, अर्ध्या रकान्याची आहे, आणि खाली माझं पूर्ण नाव आहे. त्यांनी वाचून चष्मा काढला आणि सदर दुसऱ्याला देतो म्हणाले. कुंडलिकराव म्हणाले, “न वाचता ल्हिलंस त्ये ल्हिलंस, पन सांगायचं कशाला बाई?” कामावरून काढलं नाही, पण कालपासून माझ्याशी बोलत नाहीत. एक अंक पुण्याला प्रकाशकाकडं पाठवणार आहे. त्यानं त्याचं मन बदललं तर छापायला वही हवी, आणि वही नाही. ते मलाच बघायचंय.

रविवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं मैंदर्गीला येते. आधी तुझ्याकडं येणार नाही. मथुराबाईंच्या घरापासून सुरुवात करीन, मग बजाबाई, मग सासऱ्यांनी सोमवारपासून ज्याला ज्याला पुडी दिली तो प्रत्येक उंबरा. प्रत्येक ठिकाणी आधी माझं नाव सांगीन, मग मी काय केलं ते, आणि मग कागद मागीन. तेलकट असला, चुरगळलेला असला, अर्धा असला तरी घेईन. चुलीत गेला असला तर त्यावर काय लिहिलं होतं ते त्या बायांना विचारून उतरवून घेईन. त्यांनी वाचलंय. गाव लहान आहे, दिवस पुरला नाही तर दुसरा दिवस आहे.

जेवढं जमेल तेवढं घेऊन तुझ्या दाराशी येईन. तू दार उघड म्हणून हे लिहीत नाही. कागद पायरीवर ठेवून परतीची गाडी धरीन, तेवढी ताकद आहे. ते लिहिणं तुझं, हे त्या बायांना किंवा सासऱ्यांना माझ्याकडून कळणार नाही, ते तुझं तू सांगायचंस.

खाली नेहमीसारखं ‘अक्का’ लिहिणार होते. लिहीत नाही. ते तुझ्या तोंडून ऐकू आलं तरच माझं.

महादेवी